नामदार गोखले आणि आगगाडीचा हिशेब

आपल्या मंडळास यंदा पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर महाराष्ट्रीयाचे चरित्र लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली, तेव्हा नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याखेरीज दुसरे नाव आमच्या मनात आले नाही. आमची सारी हयात केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत गेली. संसदेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे तयार करणे, आकड्यांचे तक्ते जुळविणे, समित्यांपुढे ठेवावयाची टिपणे लिहिणे, हाच आमचा व्यवसाय. सरकारला हिशेब विचारण्याची रीत या देशात ज्यांनी घालून दिली, त्यांत गोखल्यांचे स्थान पहिल्या रांगेत आहे. त्यांनी जे हिशेब विचारले, त्यांत एक मोठा हिशेब आगगाडीचा होता. आपण सारे दूरदेशी राहणारे लोक. आगगाडी हा आपला आणि गावाकडचा धागा. म्हणून ही कथा आपणांस परकी वाटू नये.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी झाला. मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, ती १६ एप्रिल १८५३ रोजी. म्हणजे ती गाडी आणि हा मुलगा जवळजवळ एकाच पिढीतले. मात्र कोकणातल्या त्या खेड्याला आगगाडीचे वारेही लागलेले नव्हते. वडील कृष्णराव पोटासाठी घाटावर, कागल संस्थानात नोकरीला गेले होते. ते १८७९ साली वारले, तेव्हा गोपाळ अवघ्या तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडले, दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला ते पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चालले. दिव्याच्या तेलाचे पैसे वाचावेत म्हणून गोपाळाने रस्त्यावरील कंदिलाखाली अभ्यास केला, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे.

ही आठ रुपयांची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. पुढे कोट्यवधी रुपयांचे अंदाजपत्रक समोर आले, तेव्हा त्यातल्या प्रत्येक रुपयामागे कोणाचे तरी पोट आहे हे या माणसाला कोणी शिकवावे लागले नाही. आपल्यापैकी कित्येकांनी पहिल्या पगारातून घरी मनीऑर्डर धाडलेली आहे. त्या मनीऑर्डरचे मोल ज्याला कळते, त्याला सरकारी हिशेब हा कोरडा विषय वाटत नाही.

१८८१ साली गोपाळराव मॅट्रिक झाले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असे करीत १८८४ साली ते बी. ए. झाले. मोठ्या पगाराच्या मागे न लागता त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाची जागा पत्करली आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी आरंभिली. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय पुढे येईल तो त्यांनी शिकविला. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक तर अनेक वर्षे शाळांतून चालले. पुढे ज्यांना अर्थमंत्र्यांची बेरीज तपासावयाची होती, त्यांनी आरंभ मुलांच्या बेरजा तपासून केला.

या सुमारास त्यांस गुरू लाभले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन गोखल्यांकडे आले आणि रानड्यांच्या नजरेखाली त्यांची खरी तालीम सुरू झाली. सरकारी अहवाल, आयव्ययाचे तक्ते, जमाबंदीची निळी पुस्तके वाचावयाची, टिपणे काढावयाची, आणि त्यावर लिहिलेले रानड्यांस पसंत पडेपर्यंत पुनःपुन्हा लिहावयाचे. आवेशापेक्षा आधार मोठा, हा धडा त्यांनी तेथे गिरविला. सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी हे या मंडळीतले दुसरे विलक्षण गृहस्थ. शाळाखात्यात नोकरी करणाऱ्या या माणसाचे हिंदुस्थानच्या आकडेवारीवर असामान्य प्रभुत्व होते. पुढे गोखल्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांस लागणारी सामग्री निवडण्यात त्यांचा मोठा हातभार असे. गोखल्यांचे नाव जगाने ऐकले. जोश्यांचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही. कचेरीत पडद्याआड टिपणे लिहिणाऱ्या आम्हां लोकांस मात्र त्यांचे स्मरण सहजच होते.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले. वय अवघे तीस. वाटेत कॅले येथे पडून त्यांच्या छातीस मोठा मार बसला. संकोचापोटी ते दुखणे त्यांनी काही दिवस अंगावर काढले. तशा अवस्थेत त्यांनी साक्ष दिली आणि उलटतपासणीतही ती टिकली. याच साक्षीत त्यांनी आगगाडीचा प्रश्न मांडला. लोहमार्ग झपाट्याने वाढत आहेत. परंतु ते मुख्यत्वे विलायतेतील व्यापारी आणि भांडवलदार वर्गाच्या हितासाठी वाढत आहेत अशी येथील लोकांची भावना आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

असे ते का म्हणाले, हे समजण्यासाठी त्या काळच्या रेल्वेची व्यवस्था थोडी पाहिली पाहिजे. पहिले लोहमार्ग विलायतेतील खाजगी कंपन्यांनी बांधले. हिंदुस्थान सरकारने त्यांस जमीन फुकट दिली आणि त्यांच्या भांडवलावर साधारणतः दरसाल पाच टक्के व्याजाची हमी दिली. गाडीस उतारू मिळोत वा न मिळोत, मालाची वाहतूक होवो वा न होवो, भागीदारांचे व्याज चुकावयाचे नाही. जे कमी पडेल ते सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करांतून भरून द्यावयाचे. अशा हमीमुळे काटकसर करण्याचे कारणच उरले नाही. पुढे सरकारने काही मार्ग स्वतः बांधले, काही कंपन्या विकत घेतल्या, तरी कारभार बहुधा कंपन्यांच्याच हाती राहिला. शतकाच्या अखेरीस देशात सुमारे पंचवीस हजार मैलांचे लोहमार्ग झाले होते. परंतु पन्नास वर्षांच्या बहुतेक काळात सरकारी खात्यावर रेल्वे ही तोट्याचीच बाब होती. खाते नफ्यात आले ते शतक बदलण्याच्या सुमारास. कालव्यांवर झालेला खर्च त्या मानाने फारच थोडा होता आणि रमेशचंद्र दत्तांसारखे अभ्यासक ही विषमता उघडपणे दाखवीत होते.

वेल्बी कमिशनपुढील या यशावर लगेच विरजण पडले. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या वेळी गोऱ्या शिपायांनी अत्याचार केल्याच्या वार्ता पत्रांतून गोखल्यांस कळल्या होत्या. विलायतेत असतानाच त्यांनी त्या जाहीर केल्या. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे सांगणे म्हणजे त्यांस संकटात लोटणे. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. विधाने मागे घेऊन बिनशर्त माफी मागितली. या माफीबद्दल स्वकीयांनी त्यांची जी निर्भर्त्सना केली ती त्यांस आमरण सलत राहिली. आमच्या मते त्यांच्या पुढील आयुष्याचा उलगडा या प्रसंगात आहे. ज्याचा आधार हातात नाही असे एकही विधान करावयाचे नाही, ही त्यांची पुढली शिस्त या जखमेतून आली.

१८९९ साली ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून आले आणि सर फिरोजशहा मेहता यांची जागा रिकामी होताच १९०१ च्या अखेरीस वरिष्ठ कायदेकौन्सिलात त्यांची निवड झाली. नामदार ही पदवी तेव्हापासून त्यांच्या नावास कायमची जडली.

हे वरिष्ठ कौन्सिल म्हणजे आजची संसद नव्हे. व्हाइसरॉय स्वतः अध्यक्ष, सरकारी सभासदांचे मताधिक्य, लोकपक्षाचे सभासद मोजके. १८९२ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती. त्यावर मत देण्याची नव्हती. प्रश्न विचारता येई. उत्तर मिळाल्यावर उपप्रश्न विचारता येत नसे. वर्षातून एकदा, मार्च महिन्यात, कलकत्त्यास अंदाजपत्रकाची चर्चा होई आणि सारे काही आधीच ठरलेले असे. अशा ठिकाणी बोलून काय होणार, असे म्हणून हात झटकणे सोपे होते.

२६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी अंदाजपत्रकावरील आपले पहिले भाषण केले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. अंदाजपत्रकात ओळीने काही वर्षे शिल्लक दिसत होती आणि देश सुखी असल्याची ती खूण आहे, असे सरकार मानीत होते. गोखल्यांनी हे सारे चित्र उलटे करून दाखविले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भीषण दुष्काळांतून देश नुकताच निघालेला. तरीही तिजोरीत कोट्यवधी रुपये शिल्लक पडतात ते कसे? रुपयाचा भाव घसरत होता त्या वर्षांत विलायतेचा खर्च भागविण्यासाठी सरकारने कर वाढविले. पुढे टाकसाळी बंद करून रुपयाचा भाव सोळा पेन्सांवर स्थिर केला. घसरणीचे कारण गेले, पण वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. तेव्हा ही शिल्लक सुबत्तेची नसून जास्त वसुलीची आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता आणि गरिबाच्या मिठाचा खप त्यामुळे आखडला होता. पुढल्या वर्षी, १९०३ साली, हा कर दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया. एका माणसाच्या बोलण्याने हे घडले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मताचा अधिकार नसलेल्या सभागृहात सरकारला आपल्या करांचे समर्थन करणे कठीण झाले, एवढे निश्चित.

याच विचाराची दुसरी बाजू म्हणजे रेल्वे. वर्षाअखेर शिल्लक पडली की सरकार ती रेल्वेच्या भांडवली कामांस लावी. सरकारचे म्हणणे असे की, यामुळे कर्ज कमी काढावे लागते आणि देशाची मिळकत वाढते. वरवर पाहता यात गैर काय? गोखल्यांनी त्यातील गैर दाखवून दिले. रेल्वे ही उत्पन्न देणारी मालमत्ता आहे. तिच्यासाठी कर्ज काढले तर ती स्वतःच्या कमाईतून व्याज भरील. ज्या कामांसाठी कर्ज मिळू शकते, त्यांवर करांची शिल्लक का घालावी? कर हा ज्याने दिला त्याच्याच उपयोगी पडला पाहिजे. शाळा, आरोग्य, पिण्याचे पाणी ही कामे व्याज देत नाहीत, म्हणून त्यांस कर्ज मिळत नाही. ती करांतूनच व्हावयाची. आपल्या घरचेच उदाहरण घ्या. एखादा गृहस्थ घर बांधण्यास कर्ज न काढता महिन्याच्या पगारातून विटा घेऊ लागला आणि त्यापायी मुलांची फी भरावयाची राहिली, तर त्याला काटकसरी म्हणावे काय? घर उभे राहील. पण मुले अडाणी राहतील.

गोखले रेल्वेचे वैरी नव्हते. दुष्काळात धान्य पोचविण्यास लोहमार्ग उपयोगी पडतात, हे त्यांस मान्य होते. ते स्वतः दर हिवाळ्यात पुण्याहून कलकत्त्यापर्यंत जात ते आगगाडीनेच. त्यांचा आक्षेप होता तो क्रमाविषयी. आधी काय आणि मग काय, हे कोण ठरविणार? त्यांच्या मते ते बिनभाड्याने बोलणाऱ्या व्यापारी मंडळींनी ठरवावयाचे नसून तिसऱ्या वर्गाचे भाडे आणि मिठाचा कर भरणाऱ्या माणसाच्या हिताकडे पाहून ठरावयास हवे होते.

तिसऱ्या वर्गावरून एक हृद्य प्रसंग आठवतो. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर दक्षिण आफ्रिकेतून आलेले तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी गोखल्यांकडे सुमारे महिनाभर राहिले होते. परत जाताना त्यांनी तिसऱ्या वर्गाने राजकोटपर्यंत प्रवास करण्याचा बेत सांगितला. गरीब उतारूंचे हाल त्यांस स्वतः अनुभवावयाचे होते. गोखल्यांनी प्रथम तो बेत हसण्यावारी नेला, पण हेतू कळताच त्यास मनापासून संमती दिली. पितळी डबा लाडू-पुऱ्यांनी भरून बरोबर दिला आणि डॉक्टर प्रफुल्लचंद्र रॉय यांच्यासह ते स्वतः निरोप द्यायला स्टेशनवर गेले. गांधी पहिल्या वर्गाने जाते तर ते गेले नसते, असेही त्यांनी हसत सुचविले. प्रवासाला निघणाऱ्याच्या हाती फराळाचा डबा देणे ही आपली जुनी रीत. एकाने कौन्सिलात आगगाडीचा जमाखर्च तपासला, दुसऱ्याने तिच्या बाकावर बसून माणसांची दैना पाहिली. दोघांचा प्रश्न एकच होता.

१९०२ सालीच गोखल्यांनी फर्ग्युसन कॉलेजचा निरोप घेतला. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. त्या १९०५ सालीच रेल्वे बोर्ड अस्तित्वात आले. पुढे १९०७-०८ साली विलायतेत नेमलेल्या मॅके समितीने रेल्वेवर दरसाल सव्वा कोटी पौंड, म्हणजे पावणेएकोणीस कोटी रुपये, भांडवली खर्च व्हावा अशी शिफारस केली. आणि १९०८-०९ साली दुष्काळाची झळ व व्यापाराची मंदी येताच रेल्वेचे नफ्यात आलेले खाते पुन्हा तोट्यात गेले. गोखल्यांनी रेल्वेच्या चालू खर्चाचे वाढत गेलेले प्रमाण पुढे ठेवून जाब विचारला. उत्पन्न वाढले की खर्च वाढतो हे समजण्यासारखे आहे; उत्पन्न घटले तरी खर्च का घटत नाही, हा त्यांचा रोख होता. हा प्रश्न आजही कोणत्याही खात्याच्या अधिकाऱ्यास घाम फोडणारा आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

१९०९ च्या सुधारणांनी कौन्सिल मोठे झाले. ठराव मांडता येऊ लागले, प्रश्नकर्त्यास उपप्रश्न विचारता येऊ लागला. वरिष्ठ कौन्सिलात सरकारी मताधिक्य मात्र कायम राहिले आणि काही मोठ्या बाबी ठरावांच्या कक्षेबाहेरच ठेवल्या गेल्या. मिळाले तेवढे हत्यार गोखल्यांनी लगेच हाती घेतले. २५ फेब्रुवारी १९१० रोजी नाताळात करारबद्ध मजूर पाठविणे बंद करण्याचा ठराव त्यांनी मांडला व सरकारने तो स्वीकारला. जानेवारी १९११ मध्ये वाढत्या सरकारी खर्चाच्या चौकशीचा ठराव आणून त्यांनी एक मूलभूत मागणी केली. हिशेब तपासणारा अधिकारी, ज्याचे हिशेब तपासावयाचे त्या सरकारपासून स्वतंत्र असावा. आज ही गोष्ट इतकी सरळ वाटते की, ती कोणी मागावी लागली असेल हेही ध्यानात येत नाही.

त्यांच्या आयुष्याची सर्वांत मोठी लढाई मात्र ते हरले. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांनी आपापल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करावे आणि त्या खर्चाचा दोन-तृतीयांश भाग सरकारने उचलावा, असा त्यांचा बेत होता. वर्षानुवर्षे अंदाजपत्रकातील शिल्लक कोठे जाते हे त्यांनी का विचारले, त्याचे उत्तर या विधेयकात आहे. १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. आपण हरणार हे त्यांस आधीच ठाऊक होते. आपल्या पिढीने आपल्या अपयशांनीच देशाची सेवा करावयाची आहे, अशी त्यांची समजूत होती आणि त्या समजुतीत कडवटपणा नव्हता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेस गेले. जेथे हिंदी माणसास वरच्या वर्गातून प्रवास करणे दुरापास्त, त्याच देशाच्या सरकारने या पाहुण्यासाठी रेल्वेचा खास सरकारी डबा दिला. तो मान गोखल्यांनी स्वीकारला, पण त्या डब्यातून उतरून ते आपल्या देशबांधवांची गाऱ्हाणीच ऐकत फिरले. मधुमेहाने आणि हृदयविकाराने शरीर पोखरले होते. १९१४ साली देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नम्रपणे नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वय अठ्ठेचाळीस. आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी लोकमान्य टिळक सिंहगडावरून धावत आले आणि अंत्ययात्रेच्या वेळी त्यांनी या मोहऱ्याचा मनःपूर्वक गौरव केला.

गोखले गेले, पण त्यांचा प्रश्न राहिला. १९२०-२१ साली रेल्वेच्या कारभाराची चौकशी करणारी अ‍ॅकवर्थ समिती नेमली गेली. तिच्या सभासदांत गोखल्यांचे वारस श्रीनिवास शास्त्री होते. समितीने रेल्वेचा जमाखर्च सर्वसाधारण अंदाजपत्रकापासून वेगळा करावा असे सुचविले आणि २० सप्टेंबर १९२४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळाने तसा ठराव केला. रेल्वेच्या खर्चावर नजर ठेवणारी सभासदांची स्थायी वित्त समितीही त्यातून आली. त्याआधी १९२१ सालीच लोकलेखा समिती सुरू झाली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास रेल्वेची चौकशी करणाऱ्या समितीचे नेतृत्व पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्याकडे आले. तेही १९०९ सालापासून भारत सेवक समाजाचे सभासद. राज्यघटनेने नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद सरकारपासून स्वतंत्र केले. १९११ ची मागणी अशी फळास आली. १९९३ साली खातेवार स्थायी समित्या झाल्या, त्यांत रेल्वेची समिती आली. वेगळे रेल्वे अंदाजपत्रक १ फेब्रुवारी २०१७ पासून पुन्हा सर्वसाधारण अंदाजपत्रकात मिळविले गेले. व्यवस्था बदलत राहते. विचारणारा माणूस असेल तरच ती जिवंत असते.

आता एक कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कचेरीत असताना रस्त्याच्या एका रखडलेल्या कामाविषयी संसदेत प्रश्न आला. उत्तराचा मसुदा आमच्याकडे होता. मंजूर रकमेचा आकडा आम्ही मजकुरात ठळक लिहिला. प्रत्यक्ष खर्चाचा, फारच थोडा असलेला आकडा परिशिष्टात शेवटच्या रकान्यात टाकला. एक अक्षर खोटे नव्हते. वरिष्ठांनी आमच्या कौशल्याची वाखाणणी केली आणि त्या दिवशी उपप्रश्न आला नाही. त्याच आठवड्यात आपल्या मंडळाच्या ग्रंथालयातील कपाटात, मद्रासच्या नटेसन कंपनीने छापलेला गोखल्यांच्या भाषणांचा जुना ग्रंथ आमच्या हाती पडला. एका दिवंगत सभासदाच्या कुटुंबाने तो दिला होता. रेल्वेच्या कचेरीत नोकरी केलेल्या त्या गृहस्थांनी अंदाजपत्रकावरील भाषणांत जागोजागी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. आम्ही रात्री उशिरापर्यंत वाचीत बसलो. वाचताना सारखे वाटत होते की, परिशिष्टातील तो शेवटचा रकाना या माणसाने सर्वांत आधी पाहिला असता. त्यानंतर आम्ही लिहिलेल्या मसुद्यांत खर्चाचा आकडा मंजुरीच्या आकड्याशेजारीच बसू लागला. क्वचित त्यामुळे बोलणीही खाल्ली. तक्रार नाही.

आमच्या तरुण मंडळींपैकी कित्येक जण आज सरकारी व खाजगी कचेऱ्यांत मोठ्या हुद्द्यांवर आहेत. त्यांच्या पुढ्यात रोज आकडे येत असतील. तो ग्रंथ अजून त्याच कपाटात आहे. त्यांनी तो अवश्य न्यावा आणि परत आणून ठेवावा.

गोखल्यांच्या शाळकरी दिवसांत कोल्हापुरासही आगगाडी नव्हती. ती १८९१ साली आली. त्यांच्या कोकणात ती यावयास तर आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा सारा मार्ग खुला झाला. पुढल्या सुटीत आपल्यापैकी कोणी त्या मार्गाने गावी जात असेल आणि गाडी चिपळूणला थांबेल, तेव्हा पश्चिमेकडच्या डोंगरांकडे क्षणभर पाहावे. त्या बाजूला गुहागर तालुका आहे आणि त्यात कोतळूक आहे.